दुसरी चावी कुठंय?

सेल्फ लागतो, इंजिन धडधडतं आणि दोन सेकंदांत गप्प. डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहतो. मग सुरू होतो आपला हट्ट. सेल्फवर सेल्फ, बॅटरी उतरेपर्यंत, आणि शेवटी टो व्हॅन. डिझेल आहे, इंजिन ठणठणीत आहे. गाडीनं फक्त चावी ओळखलेली नाही.

गेल्या पावसाळ्यात साताऱ्यात माझ्या गाडीनं हेच केलं. सर्व्हिस सेंटरला फोन लावला. गाडी न बघता, स्कॅनर न लावता तिकडून निदान आलं, 'मॅडम, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला असणार. लॉकसेटसकट बदलावा लागेल.' आकडा पाच अंकी! याचा मला आजही संताप येतो. न तपासता सांगितलेला खर्च ही सरळसरळ लूट आहे.

गल्लीतले वायरिंगवाले काका आले आणि पहिलाच प्रश्न, 'ताई, दुसरी चावी कुठंय?' दुसरी पुण्यात, कपाटात. मग त्यांनी हातातली चावी बघितली. तिचं कव्हर तडकलेलं, त्यावर सेलोटेप. टेप सोलून त्यांनी नखानं कव्हर उघडलं. बटणांची पट्टी जागेवर, सेल जागेवर, शेजारचा छोटा खाचा मात्र रिकामा. 'चिप पडली. पर्स झटका.' बॉनेटवर पर्स उलटी केली. एसटीचं तिकीट, बडीशेपेची पुडी, सुटे पैसे आणि त्यांत एक काळा तुकडा, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा जरा मोठा. काकांनी तो खाच्यात बसवला, वर नवी टेप गुंडाळली, चावी फिरवली. दिवा गेला, गाडी चालू. दोनशे रुपये घेतले.

त्या काळ्या तुकड्याला सेल लागत नाही, ही गोष्ट प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक हवी. चावी घालतो त्या लॉकभोवती तारेची कॉइल असते. तिच्या लहरींवर, बहुतेक गाड्यांत 125 किलोहर्ट्‌झच्या, चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. ओळख पटली नाही तर इंजिन चालू राहत नाही. या यंत्रणेलाच इमोबिलायझर म्हणतात. म्हणजे रिमोटचा सेल संपला तर बटणानं दार उघडणार नाही, पण चावी फिरवली की गाडी चालू व्हायलाच हवी. बटण-स्टार्ट गाडीत सेल संपला तर रिमोटमधल्या लपलेल्या पात्यानं दार उघडा आणि रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवा. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते. एकाच कडीत दोन चिपच्या चाव्या असतील तर एक बाजूला काढा. आणि गाडीची बॅटरी मरगळलेली असली तरी ओळख चुकते, म्हणून टर्मिनल आधी बघा. हे सगळं फुकट आहे आणि पाच मिनिटांत होतं.

बाजारात दहा मिनिटांत डुप्लिकेट मिळते. तिनं दार उघडतं, इंजिन नाही. पातं कापणं आणि चिप गाडीला शिकवणं ही दोन वेगळी कामं. पैसे देण्याआधी दोन्हींचं विचारा.

'कटकटच नको, इमोबिलायझर बायपास करून देतो,' म्हणणारेही भेटतात. त्यांच्या हातात गाडी देऊ नका. युरोपनं 1998 पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा केला. अमेरिकेनं केला नाही. तिथं 2015 च्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या 96 टक्के गाड्यांना तो मुळातच होता, ह्युंदाई आणि कियाच्या फक्त 26 टक्क्यांना. चोरांनी त्याच गाड्या हेरल्या. यूएसबी केबलच्या टोकानं लॉक फिरवून गाड्या पळवल्याचे व्हिडिओ 2022 मध्ये घरोघरी पोचले. डाळीएवढी चिप नसण्याची ती किंमत.

आपल्याकडे गाडी ताब्यात देताना हार, पेढा, पुठ्ठ्याची भलीमोठी चावी आणि फोटो. त्याऐवजी दोन्ही खऱ्या चाव्यांनी गाडी समोर चालू करून दाखवा! सेल संपला तर काय करायचं, हे मराठीत एका कागदावर छापून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी तर 'दुसरी हरवली' हे ऐकून गप्प बसूच नये. ती चावी कुणाच्या तरी खिशात असू शकते, आणि गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. नवी चावी शिकवून घेताना हरवलेली गाडीच्या मेमरीतून पुसायला सांगा.

पुण्याला पोचल्यावर मी कपाटातली चावी काढली. तिचा सेल केव्हाच संपलेला, दार बटणानं उघडेना. पात्यानं उघडलं, चावी फिरवली आणि पहिल्याच सेल्फला गाडी चालू. आता ती चावी बहिणीकडे असते, साताऱ्यात.