दोन भाऊ आणि एक पाटी

सोसायटीतल्या झाडांना शास्त्रीय नावांच्या पाट्या लावायची कल्पना माझीच. जूनच्या सभेत पार्किंगवरून भांडण रंगलं होतं, त्यात मी ठराव हळूच सरकवला. कुणाचंच लक्ष नसल्यामुळे तो एकमताने मंजूर झाला.

लॅटिन नावांवरचं एक जाडजूड पुस्तक हाती लागल्यापासून माझ्या अंगात आलं होतं. चहा घेता घेता बायकोला सांगितलं, पळसाचं 'ब्यूटिया' हे नाव लॉर्ड ब्यूट या ब्रिटनच्या पंतप्रधानावरून पडलंय. ती म्हणाली, "बरं. एवढी गवार मोडून द्या." पेंटरलाही हे सगळं ऐकवलं. त्याने 'ब्यूटी मोनोस्पर्मा' रंगवून आणलं आणि बी विंगमधून पार्लर कधी उघडतंय, अशी विचारणा झाली.

माझा खरा जीव गेटजवळच्या आपट्यावर. 'बौहिनिया रेसिमोसा' ही पाटी मी स्वतः सुतळीने बांधली आणि जमलेल्या पोरांना धरून गोष्ट सांगितली. योहान आणि कास्पार बौहिन हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सख्खे भाऊ. पान वर दुभंगलेलं, देठाशी मात्र एक. म्हणून हे नाव त्या दोघांना शोभतं, असं लिनियसने 1737 सालीच लिहून ठेवलंय. तेव्हा पोरांनो, आपण दसऱ्याला सोनं नव्हे, बंधुप्रेम वाटतो! हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हटलं.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी झाड फुललं. तळहाताएवढी, गुलाबी-जांभळी फुलं! आपट्याचं फूल बारीक आणि पांढुरकं असतं, हे पुस्तकात होतं. त्या पानापर्यंत मी पोचलो नव्हतो.

"हा कांचन आहे, साहेब," माळीकाका म्हणाले.

"मग पाटी बांधताना बोलला का नाहीत?"

"तुम्ही इंग्रजीत सांगत होता. म्हटलं, इंग्रजीत याला आपटा म्हणत असतील."

"कांचनही बौहिनियाच," मी चिवटपणे म्हणालो. "आडनाव बरोबर आहे, नाव तेवढं चुकलं."

"आमच्या गावात निम्मे शिंदेच आहेत. उधारी मागायला गेलं की नावच लागतं."

त्यांच्या हातात कुंड्यांतून उपटलेला केना होता. केना म्हणजे कॉमेलिना. हॉलंडच्या कॉमेलिन काका-पुतण्यांचं नाव. काकांच्या ग्रंथाचा दुसरा खंड पुतण्याने लिहिला. काका-पुतण्यांचं इतकं जमल्याचं उदाहरण आपल्या इतिहासात शोधून सापडायचं नाही. फुलातल्या दोन ठसठशीत निळ्या पाकळ्या त्या दोघांच्या. तिसरी त्याच घराण्यातल्या तिसऱ्याची, जो या शास्त्रात काही करून दाखवायच्या आतच गेला. हीसुद्धा लिनियसचीच कोटी. ती सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"वहिनींना द्या," जुडी माझ्या हातात कोंबत माळीकाका म्हणाले. "भजी झकास होतात."

जिना चढताना एक फूल डोळ्यांजवळ धरलं. तिसरी पाकळी काही दिसेना. शेवटी चष्मा लावला.