बारा महिने हिरवं

पुण्यात लँडस्केपिंगचा धंदा काढायला फारसं भांडवल लागत नाही. भाड्याचा छोटा हत्ती, उरुळी कांचनच्या नर्सरीत थोडी उधारी आणि कार्डावर ‘कन्सल्टंट’. झाडांची माहिती? ती माळीमामांना असते, आणि मीटिंगला त्यांना कोणी बोलवत नाही.

ताबा देण्याच्या दिवशी सगळं हिरवं दिसलं की बिल्डर खूश. म्हणून दोन इमारतींच्या सावलीतसुद्धा लॉन अंथरायचं. (लॉनला भरपूर ऊन लागतं, हे कोटेशनात लिहायची पद्धत नाही.) मे महिन्यात टँकर परवडेनासा होऊन ते पिवळं पडेपर्यंत आपण पुढच्या साइटवर. कुंपणाला कोनोकार्पस: भराभर वाढतो, कायम हिरवा. गुजरातच्या वन खात्याने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली खरी, पण आपली साइट हडपसरला आहे.

एखाद्या आजी कडुनिंब, करंज सुचवतात. पानं गळून गाड्या घाण होतील, असं सेक्रेटरी सांगतात. मग ठरतात पांढरे गोटे आणि मधोमध फॉक्सटेल पाम. गोट्यांना पाणी नको, खत नको, शिवाय मार्जिन झाडांपेक्षा बरं.

शेवटचा हप्ता तेवढा अडकतो. बिल्डर म्हणतो, झाडं कुठे जगली?