पॅसेंजरची बढती

मार्च २०२० मध्ये कोरोनाने पॅसेंजर गाड्या थांबवल्या. बुलडाणा जिल्ह्यातल्या मलकापूर, नांदुरा, शेगावच्या अपडाउनवाल्यांनी ‘आमची गाडी द्या’ म्हणून धोशा लावला. रेल्वेने दिली, पण ‘एक्स्प्रेस’ करून! थांबे जवळपास तेच, रखडणं तेच. किमान तिकीट मात्र १० चं ३० रुपये. वेग आला तो फक्त भाड्याला. जुनं भाडं परतायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. लोकसभा निवडणूक तोंडावर होती, हा निव्वळ योगायोग.

याच जिल्ह्यातला जलंब–खामगाव रेल्वेफाटा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला, तोही कापसासाठी. गाठींना निवेदनं द्यावी लागली नाहीत.

बुलडाणेकर तेवढे निर्धास्त. जिल्ह्याच्या गावाला स्टेशनच नाही. गाडी बंद कोण करणार?