गाडी नाही, पण चार्जर हवा!

ऐकलंत का? आमच्या सोसायटीत हल्ली भिशीलासुद्धा एकच विषय: चार्जिंग स्टेशन! अगदी परवापर्यंत ‘बॅटरीच्या गाड्या पेटतात हो’ म्हणून नाकं मुरडणारी मंडळी आता गुडघ्याला बाशिंग बांधून बसलीयत. बरं, गाडी घेताय का, तर छे! गाडी हवीय कुणाला? अनुदान हवंय!

सगळा घोळ एका आकड्याने केला. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना 10,900 कोटींची, त्यातले 2,000 कोटी नुसत्या सार्वजनिक चार्जिंगसाठी. सप्टेंबर 2025 मध्ये त्याचे नियम आले आणि त्यात कुणाला तरी ‘100 टक्के’ दिसले. झालं! आकडा तासाभरात सगळ्या विंगांत पोचला, अट मात्र कुणी फॉरवर्ड केली नाही. शंभर टक्के मिळतात ते सरकारी आवारांना. कचेऱ्या, इस्पितळं, शाळा-कॉलेजं वगैरे. तेही चार्जर येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना खुला ठेवला तर. रेल्वे स्टेशनं, पेट्रोल पंप यांना वीज आणून देण्याच्या खर्चाचे 80 टक्के आणि चार्जरच्या किमतीचे 70. मॉलवाल्यांना आणि हायवेकाठच्यांना 80 टक्के, पण फक्त वीज आणायला. म्हणजे ट्रान्सफॉर्मर, केबल, ब्रेकर सरकार बघणार, आणि ज्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचा तो चार्जर तुमच्या खिशातून. शिव शिव, काय हा अन्याय!

(खरं सांगू? सरकार इथे शहाणं निघालं. 60 किलोवॅटचा एक फास्ट चार्जर जेवढा लोड मागतो, तेवढ्यात डझनभर फ्लॅट आरामात निघतात. खरी रड ट्रान्सफॉर्मरचीच. पण ट्रान्सफॉर्मरसोबत सेल्फी कोण काढतो?)

आमचे चेअरमन आधार, पॅन आणि कॅन्सल्ड चेक घेऊन तयार. त्यांना कोण सांगणार की हे प्रस्ताव मंत्रालयं आणि राज्यांच्या नोडल एजन्सीमार्फत जातात. चेअरमनच्या बचत खात्यात काही पडत नाही! आणि गंमत बघा. राज्याच्या 2021 च्या धोरणात साध्या स्लो चार्जरला 60 टक्के, जास्तीत जास्त 10,000 रुपये देऊ केले होते, पहिल्या 15,000 चार्जरांना. तेव्हा आमच्याकडे एकानेही ढुंकून पाहिलं नाही. दहा हजारांत कसला आलाय रुबाब?

सगळ्या बिल्डिंगीत विजेवरची गाडी एकच, तळमजल्यावरच्या काकूंची स्कूटर. ती रोज रात्री त्यांच्याच मीटरवरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर निवांत चार्ज होते. परवाच्या मीटिंगमध्ये तासभर वाद रंगला तो स्टेशन कुणाच्या पार्किंगवर येणार याचा. काकूंना कुणी विचारलंसुद्धा नाही. त्या शेंगा सोलत ऐकत होत्या.

आता नवी बातमी! खजिनदारांना शोध लागलाय की पलीकडची महापालिकेची शाळा म्हणजे सरकारी आवार. ज्या शाळेच्या घंटेबद्दल गेल्या वर्षी तक्रार केली होती, तिला ‘आपली शाळा’ म्हणून निवेदन द्यायला रविवारी सगळे निघालेत. निघणार मात्र चेअरमनच्या डिझेल गाडीतून, रस्ता ओलांडायला.