फोंड्याच्या पुढे मॅक जात नाय

आमच्या मालवण तालुक्यात पाणंदीत अनोळखी माणूस दिसला की ओट्यावरून पहिला प्रश्न येतो, "कोणाचो रे तू?" नाव नंतर. नावाला तसा अर्थ नसतो, एका वाडीत सुरेश तीन-तीन असतात. कोणाचा ते कळलं, आजोळ कुठलं ते कळलं, की मग चहा येतो. ज्याला हे सांगता येत नाही तो कितीही किमती बूट घालून आलेला असो, खळ्याच्या बाहेर उभा. ही रीत फक्त माणसांची आहे असा माझा समज होता. यंदा चतुर्थीच्या तोंडावर कळलं की आमच्या घरातला केबलवाल्याचा मोडेमही याच वळणाचा आहे. इतकी वर्षं आमच्यात राहून होणार काय दुसरं!

जुना राउटर मृगाच्या विजेने खाल्ला. आमच्याकडे पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात वीज अशी काही कोसळते की जाणता माणूस पहिल्या गडगडाटाला घरातले सगळे प्लग काढतो, मग कपडे काढायला धावतो. त्या दिवशी कपडे वाचले. राउटरवर रडायला तसं कोणी नव्हतं. त्याची रेंज माजघरातून देवघरापर्यंत जायची, म्हणजे नेट फक्त देवाला मिळायचं. घर चिऱ्याचं, भिंती दीड फुटी. बांधणाऱ्या आजोबांनी पाऊस, ऊन आणि भावकी या तिघांना बाहेर ठेवायचा विचार केला होता, त्यात वायफायही बाहेर राहिलं.

पण गणपतीला डोंबिवलीचा भाचा येणार होता आणि दीड दिवसासाठी नाही, चांगला तीन आठवड्यांसाठी. त्याच्या कंपनीने गावाहून काम करायला परवानगी दिली होती, अट एकच, नेट हवं. तो आला तोच राउटर काखेत मारून. चार अँटेनांचा, काळाकुळकुळीत. खोक्यावर तीन हजार एमबीपीएस असं छापलेलं. आमचं कनेक्शन पन्नासाचं. शेजारच्या काकींनी तो डबा सगळीकडून न्याहाळला आणि विचारलं, "ह्यो उडता काय रे?"

उडाला असता तर बरं, कारण चालत नव्हता. भाच्याने मोडेमची वायर राउटरच्या निळ्या भोकात घातली. मोडेमचे सगळे दिवे हिरवे. राउटरचे दिवे हिरवे. फक्त पृथ्वीगोलाचं चित्र असलेला दिवा नारिंगी. मोबाइलवर वायफायच्या काड्या भरगच्च, आणि खाली ओळ, इंटरनेट नाही. आयुष्यात पहिल्यांदा पडवीतच नव्हे, मागच्या मांगरातसुद्धा रेंज पोचली, आणि पोचवायला काही नव्हतं.

भाचा सेटिंगमध्ये शिरला. तिथे शिरायचा पत्ता १९२.१६८.१.१. हा आकडा बघून मास्तरांनी चष्मा पुसला. मास्तर निवृत्त झाले तरी आमच्याकडे काहीही बिघडलं की हजेरी घ्यायला येतात. "हा कुठला पत्ता? पिन कोड तर आपला नाही." भाच्याने सांगितलं की १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे १९९४ साली खाजगी वापरासाठी राखून ठेवले, त्यामुळे जगातल्या कोट्यवधी घरांत हाच पत्ता आहे. मास्तर म्हणाले, "मग मनीऑर्डर कोणाला जाईल?" भाच्याने उत्तर दिलं नाही. मनीऑर्डर म्हणजे काय हे विचारण्याची ती वेळ नव्हती.

सेटिंगमध्ये यूझरनेम अ‍ॅडमिन, पासवर्ड अ‍ॅडमिन. आत सगळं यथास्थित, एवढंच की मोडेमकडून या डब्याला आयपी मिळत नव्हता. भाचा म्हणाला, "मामा, मोडेम बिघडलाय." केबलवाल्याला फोन केला, तो म्हणाला, "काका, तुमचो रावटर बिघाडलो." दोघांनीही यंत्र न बघता निदान केलं होतं, आणि दोघेही आपापल्या जागी ठाम.

केबलवाला स्कूटरवरून आला. चांगला मुलगा. वडिलांनी गच्चीवर छत्री लावून वाडीला क्रिकेट दाखवलं, हा त्याच खांबांवरून नेट पुरवतो. टीव्हीच्या केबलमधून नेट कसं न्यायचं याचे नियम १९९७ साली अमेरिकेत ठरले. ते ठरवणाऱ्यांनी ही केबल फणसावरून माडावर, माडावरून विजेच्या खांबावर आणि मध्ये वानरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरून जाईल असं धरलं होतं की नाही, देव जाणे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने खांब आणि झाडं एकत्रच आडवी केली, तेव्हा याने पावसात फिरून वायरी पुन्हा वर चढवल्या होत्या. त्यामुळे त्याला उलट बोलायची आमच्यात पद्धत नाही.

त्याने मोडेमचा प्लग काढला, परत घातला, वायर स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. नेट सुरू. एक मासे पकडण्याचा व्हिडिओ लावून दाखवला. "बघा. लाईन ओके हा. तुमच्या डब्यातच कायतरी लोच्या." आणि गेला. भाच्याने वायर पुन्हा राउटरला लावली. नारिंगी.

इथे मोडेमचा स्वभाव सांगितला पाहिजे. तो जागा झाला की वायरीच्या दुसऱ्या टोकाला पहिलं जे यंत्र दिसेल त्याला घरचा समजतो, आणि मग दुसऱ्या कोणाला ओळख देत नाही. आता त्याच्या लेखी घरचा म्हणजे केबलवाल्याचा लॅपटॉप. तो स्कूटरवरून कट्ट्याच्या दिशेने गेला होता, आणि मोडेम त्याची वाट बघत बसला होता. भाच्याने प्लग ओढला, घातला. मोडेम विसरला असावा, तरी दिवा नारिंगीच. कारण विचारणारा एकटा मोडेम नव्हता. मागे केबलच्या ऑफिसातही एक नोंद असते, कुठल्या घरात कुठलं यंत्र, त्याच्या मॅक पत्त्यासकट. आमच्या नावापुढे अजून विजेने गेलेल्याची नोंद. केबलवाल्याचा लॅपटॉप मात्र सगळ्याच घरांत चालतो, त्याची नोंद कायमची. जावई म्हणा हवं तर.

मॅक पत्ता म्हणजे बारा आकडे-अक्षरांची पट्टी, प्रत्येक यंत्राला कारखान्यातच मिळते. त्यातली पहिली सहा कंपनीची, पुढची सहा त्या डब्याची स्वतःची. म्हणजे आडनाव आधी आणि नाव मागून, आमच्यासारखंच. आचरेकर म्हटलं की गाव कळलं, बांदेकर म्हटलं की गाव कळलं, मग त्यातला कुठला ते बघू. मला त्या डब्याबद्दल पहिल्यांदा थोडं ममत्व वाटलं.

भाच्याला एक आडवाट ठाऊक होती. नव्या राउटरला जुन्याचा मॅक द्यायचा, म्हणजे ऑफिसला कळणारही नाही. "हे तोतयेगिरीत येतं," मास्तर म्हणाले. "मास्तर, सगळे करतात," भाचा म्हणाला. "सगळे करतात तेव्हाच ती तोतयेगिरी असते," मास्तर म्हणाले, आणि यावर बोलणं खुंटलं. पण नीतीचा प्रश्न परस्पर सुटला. मांगरातून जुना राउटर काढला तर आत मुंग्यांचं बिऱ्हाड आणि खालचा मॅकचा कागद कसरीने खाल्लेला. कागदाचा जेवढा कोपरा उरला होता त्यावर फक्त 'मेड इन' एवढंच.

मग नवा मॅक केबलवाल्याला कळवायचा. फोटो पाठव म्हणाल तर त्याला नेट लागतं, आणि मोबाइलचं नेट आमच्या परसात फक्त विहिरीच्या काठावर, तेही वारा असला तर. बोलणं तेवढं होतं. म्हणून आम्ही सगळे विहिरीपाशी. भाच्याच्या हातात राउटर उलटा, काकींच्या हातात माझा फोन, स्पीकरवर. पलीकडे केबलवाला कट्ट्याजवळ कुठल्यातरी खांबावर चढलेला, खालून एसटी जात असलेली.

मॅकमध्ये अक्षरं फक्त सहा, ए ते एफ. पण त्यातली बी, सी, डी आणि ई फोनवर एकसारखीच ऐकू येतात. कोणी मुद्दाम निवडली असती तरी इतकी जुळली नसती. भाच्याने कंपनीतल्या सवयीने सुरू केलं, "अल्फा, फोर, ब्राव्हो, टू, चार्ली..."

"चार्ली खंयचो?" वरून आवाज आला. "माका नंबर सांग. पार्टीचा नाव नंतर घेतंय."

विमानवाले १९५६ पासून ही अल्फा-ब्राव्हो वापरतात असं भाचा सांगायला लागला. केबलवाल्याने थांबवलं. "आमच्याकडे तसा नाय. ए म्हंजे आचरा. बी म्हंजे बांदा. सी म्हंजे चिपी. डी म्हंजे देवगड. असा सांग, चुकणा नाय."

मला ही पद्धत फार पसंत पडली. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला नसता तर सी वर गाडी अडली असती हेही जाणवलं. भाचा वाचू लागला. "आचरा, चार, बांदा, दोन, चिपी, ओ..."

"ओ नाय! मॅकात ओरोस नसता. ता शून्य."

"ओरोस कसा नसता?" काकी फोनमध्ये तोंड घालून म्हणाल्या.

"नसता काकी. मॅक फोंड्याच्या फुडे जाणा नाय."

काकींना हे पटेना. त्यांनी एकेक विचारायला घेतलं. कुडाळ? नाय. कणकवली? नाय. वेंगुर्ला? नाय. सावंतवाडी? सावंतवाडी पण नाय. मालवण? केबलवाला क्षणभर थांबला, बहुधा खांबावर तोल सावरत असावा. "मालवण पण नाय, काकी."

"मेल्या, जिल्ह्याचा ठिकाण नाय, मालवण नाय, मगे ह्यो कसलो पत्तो?" मास्तरांनाही लागलं. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा जिल्हा मिळाला तो काय ओरोसला शून्य म्हणून घ्यायला? त्यांनी तसं बोलून दाखवलं. पण त्यांचा खरा आक्षेप वेगळाच होता, तो त्यांनी आता मांडला. "आणि फोंडा एफ कसा? फोंडा पीएचने लिहितात. पी, एच, ओ, एन, डी, ए. घाटाच्या तोंडाशी पाटी आहे, वाचा."

"मास्तर, माका एफ कळलो. तुमका कळलो. ऑफिसातल्या चेडवाक कळतलो. बस झाला ना?"

"बस झालं कसं? उद्या पी आला तर काय सांगशील?"

"पी येणाच नाय! मॅकात पी नसता!"

मास्तर गप्प झाले, पण ते पटून गप्प होणं नव्हे. वर्गात ते असे गप्प झाले की पुढच्या तासाला छडी यायची.

पुढे ई लागला. ई चं गाव कोणालाच आठवेना. काकींनी आपलं माहेर सुचवलं, ते ए निघालं. शेवटी केबलवालाच म्हणाला, "ई म्हंजे एक्सचेंज." टेलिफोन एक्सचेंज. ट्रंक कॉल लावून रात्रभर वाट बघितलेल्या पिढीला एवढं पुरे होतं. पट्टी संपली. त्याने ती पुन्हा वाचून दाखवली आणि देवगडच्या जागी बांदा म्हणाला. जिल्ह्याचं उत्तर टोक की दक्षिण टोक, एवढाच फरक. तो दुरुस्त केला. "आता ऑफिसात घालतंय. तुमी मोडेम आणि रावटर दोनय बंद करा. धा मिन्टा तरी बंद ठेवा. पयलो मोडेम चालू करा, दिवे लागांदेत, मगे रावटर."

आता दहा मिनिटं कशाला, तर जुनी जोडणी पलीकडच्या टोकाला काही वेळ शिल्लक राहते, ती मरायला सवड द्यावी लागते. पण डोंबिवलीच्या माणसाला दहा मिनिटं नुसतं बसणं जमत नाही. त्याने प्लग काढला, मनात दहा म्हणाला, घातला. नारिंगी. पुन्हा काढला, वीस म्हणाला. नारिंगी. काकी म्हणाल्या, "देवाक नारळ ठेव." भाचा आता ठेवायलाही तयार होता. तेवढ्यात पाऊस आला आणि लाईट गेली.

आमच्या इन्व्हर्टरने मे महिन्यातच हाय खाल्ली होती, त्यामुळे घर खरोखर बंद झालं. भाच्याला करता येण्यासारखं काही उरलं नाही. हिने काळ्या वाटाण्याची उसळ गरम केली, आंबोळ्या काढल्या, मास्तर वेंगुर्ल्याच्या शाळेतला किस्सा सांगत बसले. जेवण झालं, हात वाळले, तरी लाईट नाही. भाचा अंधारात मोडेमसमोर मोबाइलची बॅटरी धरून बसलेला. लाईट आली तेव्हा मोडेमचे दिवे एकामागून एक लागले आणि पृथ्वीगोल हिरवा झाला.

लगेच श्रेयाची वाटणी सुरू झाली. केबलवाल्याचा फोन आला, ऑफिसात मॅक घातल्याबद्दल. भाचा म्हणाला, त्याने मधल्या वेळात एक सेटिंग बदललं होतं. काकींनी नारळ बोललेला आहे याची आठवण दिली. ज्या कोणी फिडर पाडला त्याचं नाव कोणी घेतलं नाही.

नारळापेक्षा काकींना दुसरंच हवं होतं. त्यांचा मुलगा मस्कतला असतो, गणपतीची आरती त्याला व्हिडिओवर दाखवायची, आणि नव्या डब्याची रेंज गडग्यापलीकडे त्यांच्या लोट्यापर्यंत जात होती. भाच्याने आनंदाने पासवर्ड द्यायचं कबूल केलं. तो त्याने कंपनीच्या नियमाने ठेवलेला, लांबलचक. काकींचा नातू गडग्याच्या त्या बाजूला मोबाइल घेऊन उभा राहिला, या बाजूला भाचा, आणि पाऊस कौलांवर एवढा की ओरडल्याशिवाय ऐकू जाईना. यात मॅकची बंधनं नव्हती. मालवण आलं, कुडाळ आलं, एकदा नव्हे दोनदा ओरोस आलं, आणि त्या प्रत्येक वेळी काकींनी "हां!" म्हटलं.

"पी!" भाचा ओरडला.

"बी?" नातू ओरडला. "बांद्याचो?"

मास्तर निघाले होते, छत्री उघडून खळ्यात उतरलेले. ते वळले, चिखलातून गडग्यापर्यंत आले, छत्री उंच धरली आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पी रे, पी! फोंड्याचा पी!"