फाटक कोनाचं, घंटी कोनाची

"आयकलं का वं सूनबाई? बिरशीच्या इमानानं माही घंटी खाल्ली!"

कुंपणापलीकडे सूनबाई खाटेवर तांदळाचे पापड पसरवत होती. मे महिना, सकाळचे नऊ, आणि ऊन आत्ताच सोसवेना. एक शिकाऊ विमान नेहमीसारखं कामठ्याला वळसा घालून बिरशीकडे गेलं.

"घंटी खाल्ली म्हंजे का झालं, काकू?"

"अवं, तुमच्याकडची पायली म्हनून गोंदियाच्या त्याच दुकानातून नाई का आनली? फाटकातून कोनी आत आलं का घरात वाजनारी. कायले आनली? बकऱ्यायसाठी. आता बकरी आंगनात येते, पापड खाते, ढेकर देते आन निंगून जाते. घंटी चूप. तुमचे काका म्हनतात, दिवसभर डोक्यावर इमानं फिरतात, सिग्नल तेच ओढून नेतात."

ओट्यावर काकांनी पेपर खाली केला. "खोटं आहे का? इंग्रजायनं १९४० साली तिथं धावपट्टी बांधली, तवापासून गावावर घरघर. आता तं पायलट शिकवनारी शाळाच बसली."

"आपल्या कामठ्याचे जमीनदार चिमना पटेल १८१८ साली इंग्रजायशी लढले," काकू म्हणाल्या, "हे अजून लढून रायले."

सूनबाई हसली. तिनं लग्नाआधी आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं. आळीतले बंद पडलेले मिक्सर, टेबलफॅन, चार्जर तिच्याच ओट्यावर येत.

"काका, इमानवाले बोलतात ते ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्टीत. ही घंटी चालते ४३३ च्या जवर. दोघायची गाठच पडत नाई. आन ही पट्टी बिनापरवान्यानं वापराची मोकळीक आहे म्हनून ताकद बी कमीच ठेवा लागते, १० मिलिवॅटपर्यंत. एवढ्याशा ताकदीले मारायले इमान कायले पायजे? तुमची धानाची कोठी पुरते."

"कोठी?" काकूंच्या कपाळावर आठी पडली. "कोठीनं का केलं?"

"आधी हे सांगा. बकरी येते तवा फाटकावरच्या डब्बीतला लाल दिवा लुकलुकते का?"

"मी बकरीमागं धावू का दिवा पाहू?"

"तेच पायचं आहे. दिवा लागला आन घंटी नाई वाजली, तं डब्बीले मानूस दिसला, निरोप पोचला नाई. दिवाच नाई लागला, तं दिसलंच नाई. लोक दोन्हीले सिग्नलच म्हनतात आन नुसते सेल बदलत बसतात. जा, डब्बी काढून आना, घंटी बी आना. दोन्ही ओट्यावर ठेवू."

काकूंनी दोन्ही आणलं. सूनबाई कुंपणाच्या फटीतून अंग चोरत अलीकडे आली. घंटी तिनं ओट्यावरच्या बोर्डात खोचली आणि डब्बीसमोरून हात फिरवला. लाल दिवा, पाठोपाठ टिंगटाँग.

"वाजली की!" काकू म्हणाल्या. "इमान गेलं वाटते."

"इमान तुमच्या डोक्यावरच आहे, पाहा." होतंच. काकांनी पेपर पुन्हा वर केला. "म्हंजे दोन्ही यंत्रं धडधाकट, जोडी बी जमलेली. बिघाड मधातल्या वाटेत आहे. डब्बी कशाले लावली होती?"

"फाटकाच्या खांबाले. पक्की, तारेनं बांधून."

"लोखंडी खांबाले! काकू, ह्याच्या आत निरोप पाठवनारी तार असते. ४३३ ची लहर ६९ सेंटीमीटरची, तिच्या पाव भागाची तार, म्हंजे १७ सेंटीमीटर. काही डब्ब्यात गुंडारून ठेवतात. लोखंड तिले चिकटलं का तिचं मापच बिघडते, बरीच ताकद तिथंच जाते. मधात लाकडाचा ठोकरा ठेवा, नाई तं बाजूच्या कडुलिंबाले बांधा. आन आत घंटी कुठी लावली?"

"कोठीमागच्या बोर्डात. दुसरा बोर्ड टीव्हीले लागते."

"म्हंजे वाटेत गोठ्याचे टिनाचे पत्रे, मंग पत्र्याची कोठी, वर धान भरलेलं. डब्यावर १०० मीटर लिहिलं ते मोकळ्या बांधीतलं. पत्र्यातून लहर पार होत नाई, बाजूनं वळून जेवढी येईन तेवढीच. घंटी खिडकीजवरच्या बोर्डात लावा, उंचावर. हातभर जागा बदलली तरी फरक पडते, म्हनून एकजन फाटकात फिरा, दुसऱ्यानं घरात एकेक बोर्ड करून पाहा."

"आन सेल? नवेच टाकले होते मी."

"कुठून आनले?"

काकू जरा थांबल्या. "टीव्हीच्या रिमोटातले होते. रिमोट तं चालत होता त्याच्यावर."

"रिमोटाले कमी लागते. ह्या डब्बीले निरोप पाठवताना एका झटक्यात करंट लागते. दमलेल्या सेलावर दिवा लागते, पन लहर आंगनातच विरते. चार्जवाले सेल बी नको, ते १.२ व्होल्टचे, हे १.५ व्होल्टचे पायजेत. आन एक. घंटीशेजारी नवीन बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर असं का आहे?"

"मोबाईलचा चार्जर. दिवसभर तिथंच असते."

"स्वस्तातला चार्जर आन काही एलईडी बल्ब आपलाच कलकलाट करतात. तो उपटून पाहा. एकेक वस्तू बंद करत गेलं का गुन्हेगार सापडते."

काकांना राहवलं नाही. पेपराआडून आवाज आला, "हे सगरं ठीक. पन मी स्वतः पायलं, दहा वाजता मी फाटकातून आलो, दिवाच लागला नाई. याचं का?"

"ते खरं दुसरं दुखनं, काका. याच्यात रेडिओचा संबंधच नाई." सूनबाई डब्बीवरच्या दुधी भिंगावर बोट ठेवून म्हणाली, "हे उजेड पायत नाई, उबारा पायते. भिंगाचे हे कंगोरे समोरच्या आंगनाच्या पट्ट्या पाडतात. आंगाचा उबारा एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत सरकला का आतल्या तुकड्यात वीज तयार होते. हिवाऱ्यात मागची भिंत गार, मानूस ऊन, लगेच समजते. पन आपल्या उनाऱ्यात? मानसाच्या कातडीचं तापमान ३३-३४ अंश. भिंत तापत तापत तितकीच झाली का डब्बीले भिंत आन तुमी सारखेच."

"म्हंजे मी दिसेनासा झालो!" काकांना हे आवडलेलं दिसलं.

"दुपारी भिंत तुमच्याहून लई तापली का मंग उलट्या फरकानं पुन्हा दिसाल. मधातला वेळ वाईट. शिवाय तुमी सरळ डब्बीकडं चालत आले. सरळ येनाऱ्याले ती उशिरा ओळखते, आडवं जानाऱ्याले लवकर. म्हनून डब्बी फाटकासमोर नको, बाजूनं लावा. सावलीत, छातीच्या जरा वर. बकरीसाठी तोंड थोडं खाली करा. आन समोर वारत घातलेलं लुगडं नको, तापलेलं लुगडं हाललं का ते बी मानूस होते."

"आन पावसाऱ्यात?"

"ओल्या भिंतीतून, ओल्या पाल्यातून लहर कमी येते. आता जेमतेम वाजत असन तं जुलैत बंद पडन. म्हनून आताच जागा अशी पाहा का भरपूर वाजली पायजे. झाकनाच्या फटीत मुंग्या घर करतात, तेबी पुसत जा."

काकू पदराला हात पुसत जवळ सरकल्या. आवाज खाली आला. "एक अजून होतं. मी कोनाले सांगितलं नाई. दिवसा वाजत नाई ते नाई, पन राती आपोआप वाजते. फाटकात जाऊन पायलं, कोनी नाई. काका म्हनतात, मांजर. मांजर रोज एकाच टाइमाले येते का?"

"किती वाजता?"

"साडेदहाले एकदा. मंग बाराच्या सुमाराले एकदा."

सूनबाईचा डब्बीवरचा हात थांबला. "काकू, घंटी नवीन आनली तवा डब्बीशी जोडी कशी लावली?"

"कागदावर लिहिलं तसं. बटन दाबून धरलं, दिवा लुकलुकला, मंग फाटकाकडं गेली. पन मी पोचायच्या आधीच टिंगटाँग झालं. म्हटलं, चला, लागली."

"तुमी पोचायच्या आधी?" सूनबाईनं कपाळाला हात लावला. "लुकलुकते तवा घंटी शिकायले बसली असते. तेवढ्यात जो निरोप येईन तो आपला म्हनते. त्या वेळी आमच्या फाटकातून कोनी गेलं असन. आमची डब्बी तुमच्या घंटीनं शिकली, मंग तुमची बी शिकली. दोघी तिच्या ध्यानात आहेत. आमच्या घरची घंटी लेकरू झोपते म्हनून मी नऊले उपटून ठेवते. पन डब्बी फाटकावर चालूच. ती ओरडते आन ऐकते तुमचं घर."

काकूंच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "म्हंजे साडेदहाले तुमच्या फाटकातून कोनी जाते, आन बाराले परत येते."

"भावजी तं नऊलेच दार लावून झोपतात. सकारी धानाच्या मळनीले जायचं म्हनून."

"झोपतात!" काकूंनी हा शब्द असा उच्चारला की काकांनीही पेपर घडी करून ठेवला.

"अभ्यासाले जात असन," काका म्हणाले.

"मळनीचा अभ्यास? राती?" काकूंनी बोटं मोडली. "सोमवार, बुधवार, काल शुक्रवार. एक दिवसाआड. सूनबाई, त्या वरच्या आळीत पाहुनी आली आहे का कोनी?"

"मले का माहीत! थांबा, आधी तुमची घंटी साफ करते. हे बटन दहा सेकंद दाबून धरलं का सगरं विसरते. मंग आमचं फाटक बंद ठेवू, तुमची डब्बी हातात घेऊन पुन्हा शिकवू. पाच मिनिटाचं काम."

तिनं घंटीकडे हात नेला. काकूंनी तो मधेच धरला.

"घाई कायले? पापड तं तसे बी संपतच आले. बकरी आली तं येऊ दे."

"काकू!"

"तुह्या सासूले यातलं काई माहीत आहे का?"

"नाई."

"मंग घंटी मुकी करून कसं चालन? उद्या रविवार, परवा सोमवार. सोमवारी राती कोन जाते ते आयकू, मंग तू खुशाल पूस."

सूनबाईनं क्षणभर विचार केला. मग कुंपणाच्या फटीतून पलीकडे जाता जाता म्हणाली, "चार्जर तेवढा उपटून ठेवजा, काकू. नाई तं सोमवारी नेमकी चुकन. आन टाइम लिहून ठेवजा."