गाडी ‘हूं’ म्हणते

पेट्रोलच्या इंजिनाने या देशाची एक मोठी सेवा केली. गाडीतली बाकीची सगळी लफडी त्याने वर्षानुवर्षं झाकून ठेवली. टायर वेडावाकडा झिजो, बेअरिंग जावो, दाराचं रबर सुटो, त्याच्या घरघरीत सारं खपून जायचं. विजेच्या गाडीत हा घरातला कर्ता पुरुष निवर्तला आणि मागे राहिलेल्या भाऊबंदांची कुजबुज मालकाच्या कानी पडू लागली.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी केवळ शांततेपायी अशी गाडी घेतली. वर्ष सरलं आणि ताशी पंचेचाळीसच्या पुढे ती ‘हूंऽऽ’ म्हणू लागली.

पुण्यात निदानाला पैसे पडत नाहीत. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी बॉनेटला कान लावून ‘लोड वाढलाय’ असा निर्वाळा दिला. योगवर्गवाल्यांना तो ओंकार वाटला. त्यांनी गाडीला हात लावू नका म्हणून बजावलं. होमिओपॅथीवाल्या काकूंनी तेवढं विचारलं, ‘कधी वाढतो? कशाने कमी होतो?’ सगळे हसले. पुढे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हा प्रश्न कुणीच विचारला नाही, तेव्हा काकूंची किंमत कळली.

तिथे लॅपटॉप जोडला गेला. ‘सर, एकही कोड नाही.’ कोड नाही म्हणजे रोग नाही. चाकाच्या बेअरिंगपाशी सेन्सर असतो, नाही असं नाही. पण त्याचं काम फेरे मोजण्याचं. चाक हसत फिरतंय की कण्हत, हा विषय त्याच्या खात्यात येत नाही. जॉब कार्डावर नोंद झाली, ‘ग्राहकाच्या म्हणण्यानुसार आवाज येतो’. चोरीच्या फिर्यादीत हवालदार लिहितो, त्याच सावधपणाने. मग सॉफ्टवेअर अपडेट झालं, अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं बिल झालं, गाडी धुऊन मिळाली. आवाजाबद्दल सांगण्यात आलं, ‘ईव्हीला एवढं नॉर्मल असतं सर.’ दुसऱ्या दिवशी फोन आला तोही आवाजाबद्दल नव्हता. ‘कंपनीतून कॉल येईल, दहापैकी दहा द्याल ना?’

काकांनी चार दिले, तेव्हा कुठे वर्कशॉपच्या मागच्या दारातून एक पोरगा बाहेर आला. लॅपटॉप त्याने घेतला नाही. काकांना शेजारी बसवलं आणि चांदणी चौकातून गाडी बायपासला काढली.

‘काका, उभ्या गाडीत वाजतं? नाही ना? मग कूलंटचा पंप, पंखा, एसीचा कॉम्प्रेसर, सगळे सुटले. आता मी पाय काढला. आवाज तोच? म्हणजे मोटर सुटली, गिअरही सुटले. त्यांचा सूर पायाबरोबर बदलतो. सिमेंटवरून डांबरावर आलो, तरी तोच? टायर सुटला.’

मागे-पुढे कुणी नाही बघून त्याने साठच्या वेगात गाडी हलकेच डावीकडे घेतली. वजन उजव्या चाकांवर गेलं आणि हुंकार चढला. उजवीकडे घेतली, उतरला. परतल्यावर पुढचा उजवा कोपरा जॅकवर उचलला, एका हाताने चाक फिरवलं, दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवली. मग काकांचा हात धरून तिथे ठेवला. बारीक खरखर बोटांना सरळ लागत होती. ‘हब बेअरिंग,’ पोरगा म्हणाला आणि हात पुसून चहाला गेला.

निदान झालं म्हणजे उपचार होतो, या भ्रमात मात्र राहू नये. वॉरंटीच्या कागदांत पोराच्या बोटांना रकाना नाही. कोड हवा, नाहीतर मोबाइलवर रेकॉर्ड होईल इतका दणदणीत आवाज हवा. त्यामुळे काउंटरवरून वैद्यकीय सल्ला मिळाला, ‘हजारेक किलोमीटर अजून चालवा सर. आवाज जरा मोठा होऊ दे.’ काकांनी मनोभावे आवाज वाढवला. तो रेकॉर्डिंगवर उमटला, क्लेम पास झाला, बेअरिंग बदललं आणि गाडी गप्प झाली.

इतकी गप्प, की आता ती पार्किंगमध्ये पाठीशी येऊन उभी राहिली तरी कळत नाही आणि ज्येष्ठ नागरिकांनी सेक्रेटरीकडे लेखी तक्रार दिली आहे. तक्रार रास्तच आहे. युरोपात जुलै २०१९ पासून विजेच्या नव्या मॉडेलना ताशी २० किलोमीटरपर्यंत मुद्दाम आवाज करावा लागतो. २० च्या वेगाला किमान ५६ डेसिबल. आपल्या परिवहन मंत्रालयानेही सप्टेंबर २०२५ मध्ये तसा मसुदा काढला, नव्या मॉडेलना ऑक्टोबर २०२६ पासून सक्ती सुचवणारा. अंध पादचाऱ्याला गाडीची चाहूल लागायलाच हवी. गाडीने कुठला आवाज काढावा हे ठरवायला तर आता थेट संगीतकार बसतात. बीएमडब्ल्यूने हान्स झिमरना गाठलं, महिंद्राने ए. आर. रहमानना.

तेव्हा त्या बिचाऱ्या बेअरिंगचा गुन्हा एवढाच, की ते पंचेचाळीसच्या पुढे गायलं. विसाच्या आत गायलं असतं, तर सर्व्हिस सेंटरने ते नॉर्मल म्हटलं नसतं आणि बदललंही नसतं. फीचर म्हणून त्याचे वेगळे पैसे लावले असते.